कान आणि घोटा

जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट नावाचे गाव आहे. तिथल्या डोंगरातून ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जीवाश्मांचे खडक गोळा केले आणि १९७१ मध्ये, त्यांतल्या दातांवरून व जबड्यांवरून, एका लहानशा खुरी प्राण्याला ‘इंडोहायस’ हे नाव दिले. या प्राण्याचा देवमाशाशी संबंध असेल अशी शंकाही तेव्हा कुणाला आली नव्हती. राव गेले. न फोडलेले खडक त्यांच्या पत्नीने वर्षानुवर्षे देहरादूनच्या घरी सांभाळले आणि पुढे ते हान्स थेविसेन या पुराजीवशास्त्रज्ञाच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत एक कवटी खडकातून मोकळी करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाचे हाड मोडले. मोडलेल्या जागी दिसले की त्या हाडाच्या वाटीसारख्या कवचाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा कितीतरी जाड आहे. अशी जाड कड तोवर फक्त देवमासे, डॉल्फिन आणि त्यांचे नामशेष भाऊबंद यांच्याच कानात पाहिली गेली होती. डिसेंबर २००७ मध्ये थेविसेन, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केले की देवमाशांचा सर्वांत जवळचा नामशेष नातलग काश्मीरच्या पायथ्याशी सापडला आहे.

इंडोहायस मांजराहून फार मोठा नव्हता. बारीक पाय, बोटांच्या टोकाला छोटे खूर, लांब शेपूट. सह्याद्रीच्या जंगलातल्या पिसोरीची आठवण व्हावी असा. मात्र त्याच्या पायांची हाडे आतून भरीव आणि जड होती. पाण्याच्या तळाला पाय टेकून चालणाऱ्या प्राण्यांची हाडे अशी असतात. दातांमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाणही तो बराच वेळ पाण्यात काढत असल्याचे सुचवते. आफ्रिकेतली पाणपिसोरी आजही धोका दिसला की ओढ्यात उडी टाकते आणि तळाशी दडून राहते. देवमाशांच्या पूर्वजांनी पाण्यात पहिले पाऊल टाकले ते शिकारीसाठी नव्हे, जीव वाचवण्यासाठी, असा थेविसेन यांचा तर्क आहे. तो मला पटण्याजोगा वाटतो. सिद्ध मात्र झालेला नाही.

हे पुस्तक अशा प्राण्यांपासून निळ्या देवमाशापर्यंतच्या सुमारे ५ कोटी वर्षांच्या वाटचालीविषयी आहे. आपल्याकडे ही वाटचाल बहुधा एका परिच्छेदात उरकली जाते: जमिनीवरचे काही प्राणी पाण्यात गेले, पोहता पोहता त्यांचे पाय गळून पडले आणि शेपटीचे वल्हे झाले. कुणाचे पाय असे गळून पडत नाहीत. ऐकायचे कसे, गोडे पाणी नसताना तहान कशी भागवायची, पिल्लू कुठे जन्माला घालायचे, तोल कसा सांभाळायचा, अशी एकेक अडचण वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वेगाने सुटत गेली. त्या प्रत्येक सोडवणुकीची खूण कुठल्या ना कुठल्या हाडात उरली आहे. त्या खुणा वाचायला शिकण्याचा इतिहास मला खुद्द प्राण्यांइतकाच रंजक वाटतो, आणि पुस्तकाचा निम्मा भर त्यावर आहे.

देवमासे हवेत श्वास घेतात आणि पिल्लांना दूध पाजतात हे ॲरिस्टॉटलला माहीत होते. तरी त्यांना सस्तन प्राण्यांच्या पंगतीत जागा मिळायला १७५८ साल उजाडले. ती लिनियसने दिली. पंगतीत बसवले, पण शेजारी कोण, हे कळेना. डार्विनने १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये तोंड उघडे ठेवून पोहत किडे टिपणाऱ्या एका अस्वलाचे उदाहरण दिले आणि अशा प्राण्यापासून कालांतराने देवमाशासारखे काही घडू शकेल असे सुचवले. त्याची इतकी टिंगल झाली की पुढच्या आवृत्तीत त्याने तो भाग छाटून टाकला. डार्विनचे अस्वल चुकले होते, विचाराची दिशा चुकली नव्हती. पण दाखवायला त्याच्याकडे हाड नव्हते.

खरे तर एक हाड होते, फक्त ते भलत्या नावाखाली गेले होते. अमेरिकेतल्या लुइझियानात सापडलेल्या प्रचंड मणक्यावरून रिचर्ड हार्लनने १८३४ मध्ये एका सागरी सरड्याची कल्पना केली आणि ‘बॅसिलोसॉरस’, म्हणजे सरड्यांचा राजा, असे नाव ठेवले. १८३९ मध्ये लंडनला रिचर्ड ओवेनने दाढा तपासल्या. त्यांना दोन मुळे होती. सरड्यांच्या दातांना अशी जोडमुळे नसतात, तेव्हा हा सस्तन प्राणी आणि बहुधा देवमासाच. नामकरणाच्या नियमांमुळे पहिले नाव मात्र चिकटून राहिले. पुढे १८४५ मध्ये आल्बर्ट कॉख नावाच्या हिकमती माणसाने अलाबामातल्या अनेक प्राण्यांची हाडे एकापुढे एक जोडून ११४ फुटांचा ‘सागरी सर्प’ उभा केला आणि न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून दाखवला. विज्ञानाच्या इतिहासात हा अध्याय सहसा करमणूक म्हणून येतो. माझ्या मते त्याला जास्त महत्त्व आहे: जुने देवमासे किती प्रचंड होते याची लोकांना कल्पना आली ती या तमाशातून.

नातेसंबंधांचा प्रश्न गंभीरपणे मांडला तो विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी. देवमाशांचे पोट, श्वसननलिका, जननेंद्रिये पाहून त्यांनी १८८३ मध्ये सांगितले की यांचे मूळ मांसाहारी प्राण्यांत नव्हे, खुरी प्राण्यांत शोधा. पण नुसत्या आतड्यांवरून नाते सांगणाऱ्याचे कोण ऐकतो? १९४५ मध्येही जी. जी. सिम्पसन यांच्यासारखा अधिकारी अभ्यासक देवमाशांना सस्तन प्राण्यांतला सर्वांत विचित्र गट म्हणून बाजूला ठेवतच होता.

यानंतर दोन तट पडले, आणि या विषयात नव्याने शिरणाऱ्याने ते आधी समजून घ्यावेत. पहिला तट दातांचा. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हेलन यांनी दाखवले की सर्वांत जुन्या देवमाशांचे तिकोनी, धारदार दात मेसोनिकिड या नामशेष प्राण्यांच्या दातांसारखे आहेत. मेसोनिकिड म्हणजे पायाला खूर असलेले, लांडग्यासारखे दिसणारे मांसाहारी प्राणी. ही कल्पना इतकी पसंत पडली की पुढची तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत तीच होती. दुसरा तट रक्ताचा. १९५० मध्येच ॲलन बॉयडन आणि डग्लस जेमेरॉय यांनी रक्तातल्या द्रव्याच्या प्रतिक्रिया तपासून देवमासे गाय, हरीण, डुक्कर यांच्या, म्हणजे समखुरी प्राण्यांच्या जवळचे आहेत असा निष्कर्ष काढला होता. हाडे हाताळणाऱ्यांनी तिकडे दुर्लक्ष केले. १९९० च्या दशकात रक्ताच्या जागी डीएनए आला आणि दुर्लक्ष करणे अवघड झाले. रेणूंचा पुरावा नुसते समखुरी म्हणून थांबेना. समखुरी प्राण्यांतही पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग आहे, असे तो सांगू लागला. याचा अर्थ, पाणघोडा गायीपेक्षा किंवा डुकरापेक्षा देवमाशाला जवळचा. हाडांच्या अभ्यासकांना हे पचणे शक्य नव्हते.

हे भांडण मिटवणारी हाडे आपल्याच उपखंडात होती.

त्याचे कारण भूगोलात आहे. ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आक्रसत चालला होता. उथळ आखाते, खाजणे, नद्यांची मुखे असा तो सगळा टापू. तिथला गाळ पुढे हिमालयाच्या पायथ्याशी, पाकिस्तानातल्या पंजाब-बलुचिस्तानच्या टेकड्यांत आणि आपल्या कच्छमध्ये वर आला. महाराष्ट्राच्या वाट्याला या काळातले देवमासे आले नाहीत. सह्याद्री ज्या लाव्हाचा झाला आहे तो त्यांच्याहून दीड कोटी वर्षांनी जुना. पण त्याच लाव्हाचे थर कच्छमध्येही आहेत, आणि देवमाशांचा गाळ त्यांच्यावर साचलेला आहे. कच्छला जाणाऱ्या मराठी माणसाला पायाखालचा काळा दगड ओळखीचा वाटेल.

१९७२ मध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी पश्चिम कच्छमधल्या देवमाशांची पहिली नोंद प्रसिद्ध केली. १९७५ च्या त्यांच्या ग्रंथात आणखी जाती आल्या. हरुडी गावाच्या नावावरून एका जातीला ‘हरुडिएन्सिस’ म्हटले गेले. आज ती ‘रेमिंग्टनोसीटस’ या वंशात मोडते. या कुळाचे प्राणी जगावेगळे होते. सुसरीसारखे लांब निमुळते तोंड, बारीक डोळे, आखूड पाय आणि भक्कम शेपूट. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच, म्हणून भिस्त कानांवर. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला एक भोक असते. आजच्या डॉल्फिनमध्ये ते प्रचंड मोठे असून तिथल्या चरबीतून पाण्यातला आवाज कानापर्यंत पोहोचतो. जुन्या देवमाशांमध्ये हे भोक पायरीपायरीने रुंदावत गेलेले दिसते आणि कच्छच्या प्राण्यांमध्ये ते चांगलेच मोठे झाले आहे. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकाही त्यांच्यात आधीच बारीक झाल्या होत्या, हे २००२ मध्ये दिसून आले. म्हणजे पाय शाबूत असतानाच कान समुद्राचा झाला होता. बाजपेयी आणि थेविसेन यांनी २००० मध्ये ‘कच्छिसीटस मिनिमस’ हा या काळातला अगदी छोटा देवमासा याच भागातून प्रसिद्ध केला. या सगळ्या कामाचे मोल आपल्याकडच्या वाचकाला कुणी नीट सांगितलेले नाही, याची मला खंत आहे. लोकप्रिय लेखनात कथा पाकिस्तानातून थेट इजिप्तला उडी मारते आणि कच्छ वाटेत राहून जातो.

पाकिस्तानचा वाटा अर्थातच मोठा आहे. फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी १९८१ मध्ये कोहाट भागातल्या एका कवटीवरून ‘पाकिसीटस’चे वर्णन केले. कान देवमाशाचा, पण तो पाण्याखाली नीट ऐकू शकणार नाही असा. १९८३ मध्ये ‘सायन्स’च्या मुखपृष्ठावर तो माशांचा पाठलाग करणारा, सीलसारखा जलचर म्हणून रंगवला गेला. धडाची हाडे तेव्हा हाती नव्हती. २००१ मध्ये ती हाती आली आणि चित्र बदलले: लांब पायांचा, लांडग्याएवढा, काठाकाठाने पाण्यात वावरणारा चतुष्पाद. चित्रकाराला दोष देण्यात अर्थ नाही, पण कवटीवरून धड रंगवण्यातला धोका या एका मुखपृष्ठावरून चांगला समजतो. मधल्या काळात, १९९४ मध्ये, थेविसेन, एस. तसीर हुसेन आणि एम. आरिफ यांनी काला चिट्टा टेकड्यांतून ‘अँब्युलोसीटस’ आणला. चालणारा आणि पोहणारा देवमासा, मोठाल्या पावलांचा. अमेरिकेत उत्क्रांतीचे विरोधक तोवर अर्धी गाय, अर्धा मासा अशी चित्रे दाखवून श्रोत्यांना हसवत. या शोधानंतर त्या विनोदातली हवा गेली.

आता घोटा. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातले एक हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखे खाचेचे असते. ही रचना इतर कुठल्याही सस्तन गटात नाही, मेसोनिकिडांतही नाही. त्यामुळे पैज सरळ होती: पाय असलेल्या जुन्या देवमाशाचा घोटा सापडू द्या, मग ठरेल. सप्टेंबर २००१ मध्ये एका दिवसाच्या अंतराने दोन शोधनिबंध आले. ‘नेचर’मध्ये थेविसेन गटाने पाकिसीटसच्या कुळाचे सांगाडे मांडले, तर ‘सायन्स’मध्ये गिंगरिच गटाने बलुचिस्तानातले ‘आर्टिओसीटस’ आणि ‘ऱ्होडोसीटस’. दोन्हीकडे घोट्याला दुहेरी कप्पी. गिंगरिच हे मेसोनिकिड पक्षाचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले. रेणूवाले बरोबर ठरले, पण त्यांच्यावर शिक्का मारला तो हाडानेच. दात मात्र खोटे पडले. एकसारखे खाणाऱ्या दोन असंबद्ध प्राण्यांचे दात एकसारखे होऊ शकतात, हा धडा पुराजीवशास्त्राने बराच महागात घेतला.

पुढचा प्रवास वाचकाला तुलनेने परिचित असेल, म्हणून इथे तो थोडक्यात सांगतो. इजिप्तच्या वाळवंटात वादी अल-हितान म्हणजे ‘देवमाशांची दरी’ आहे. तिथे गिंगरिच, होली स्मिथ आणि एल्विन सायमन्स यांना बॅसिलोसॉरसचे मागचे पाय सापडले. ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नासएक फुटांच्या प्राण्याला जेमतेम दोन फुटांच्या आतले, पण गुडघा आणि बोटे असलेले पाय. २००५ मध्ये युनेस्कोने ही दरी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. सुमारे ३ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्यांपर्यंत आलो की जमिनीशी संबंध तुटलेला असतो. त्यानंतर दोन शाखा फुटतात. एक दात राखून आवाजाच्या प्रतिध्वनीने शिकार करणाऱ्यांची, दुसरी दात सोडून तोंडातल्या झालरीने पाणी गाळणाऱ्यांची. झालरवाल्या देवमाशांच्या गर्भात आजही दातांचे कोंब उगवतात आणि जन्मापूर्वी विरून जातात. डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे कोंबही येतात आणि जातात. शेपटी खालीवर हलवून पोहण्याची रीतसुद्धा जमिनीवरचीच आहे, धावताना कणा खालीवर वाकवणाऱ्या सस्तन प्राण्यांची. मासे तो डावीउजवीकडे वाकवतात. मालवणला डॉल्फिन पाहायला होडीत बसाल तेव्हा एवढे जरूर पाहा.

वाद संपले, असे मात्र कुणी समजू नये. इंडोहायसला नेमके कुठे बसवायचे, याबद्दल मतभेद आहेत. हिमाचलातल्या सुबाथूच्या थरातून १९९८ मध्ये बाजपेयी आणि गिंगरिच यांनी वर्णिलेला ‘हिमालयासीटस’ ५ कोटी ३५ लाख वर्षांचा की त्याहून तरुण, यावर अजून खल चालतो. २००९ मध्ये ‘मायासीटस’च्या पोटाशी सापडलेले पिल्लू खरेच गर्भ होते का, यावर आक्षेप घेतला गेला. पेरूतल्या ‘पेरुसीटस’ला २०२३ मध्ये निळ्या देवमाशाहूनही वजनदार ठरवले गेले, आणि वर्षभरात दुसऱ्या अभ्यासकांनी ते वजन बरेच खाली आणले. शिवाय आपण चित्रात या प्राण्यांना एका ओळीत उभे करतो, पण ते एकमेकांचे आजोबा-पणजोबा नव्हेत. पाकिसीटस, अँब्युलोसीटस, रेमिंग्टनोसीटस ही चुलत-मावस भावंडे आहेत. पाणघोडाही देवमाशाचा पूर्वज नाही, फार दूरच्या काळातला समान पूर्वज असलेला नातलग आहे. वृत्तपत्रांत हे नेहमी उलट छापले जाते.

हे सगळे आत्ताच मराठीत का, असे कुणी विचारील. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याची बातमी आली आणि देशभरच्या वैज्ञानिकांनी निषेध नोंदवला. आपल्या राज्य मंडळाने २०१८ साली आणलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. पण पाठ असणे आणि तो शिकवायला जवळचे उदाहरण असणे यांत अंतर आहे. उत्क्रांती म्हटले की आपल्या वर्गात माकडाची गोष्ट निघते, हशा होतो आणि तास संपतो. देवमाशाच्या उदाहरणात हाडे आहेत, थर आहेत, तारखा आहेत, चुकलेले तज्ज्ञ आहेत आणि ते चुकले हे कसे कळले तेही आहे. तेही बहुतांशी भारत-पाकिस्तानच्या भूमीवरचे. कोकणच्या किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला की गर्दी जमते, छायाचित्रे निघतात. त्या धुडाच्या आत, कण्यापासून सुटलेली, कंबरेच्या हाडांची जोडी अजून असते, हे जमलेल्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. हे देवमाशांचे चरित्र नाही; आजच्या जाती, त्यांची शिकार, त्यांचे संरक्षण हे विषय इथे नाहीत. प्राण्यांच्या क्रमाने न जाता मी पुराव्याच्या क्रमाने गेलो आहे: कोणते हाड कधी, कुणाला सापडले, त्याला आधी काय समजले गेले आणि मग काय. त्यामुळे काळ मागेपुढे होतो. ज्यांना सरळ कालक्रम हवा त्यांनी शेवटचे प्रकरण आधी वाचावे. कच्छला मी इतर पुस्तकांपेक्षा बरीच जास्त पाने दिली आहेत आणि त्याबद्दल दिलगीर नाही. शास्त्रीय नावे टाळता आली नाहीत. त्यांतला ‘सीटस’ म्हणजे देवमासा, एवढे लक्षात ठेवले की निम्मी भीती जाते.

एक विनंती. कच्छमध्ये किंवा अन्यत्र फिरताना खडकात हाड, दात, शिंपला दिसला तर तो उचकटून घरी आणू नका. कोणत्या थरातून आला हे हरवले की त्याचे वय आणि अर्थ दोन्ही हरवतात. भूवारसा जपण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये कायद्याचा मसुदा जाहीर केला होता, पण कायदा असो वा नसो, एवढे आपल्या हातात आहे. जागेची नोंद करा, शेजारी पेन किंवा नाणे ठेवून छायाचित्र काढा आणि जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा.